जबाबाची जागा

आमच्या बँडचं नाव मी इथे सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी आजवर विचारलं नाही त्यांच्या दारात जाऊन सांगायची मला हौस नाही. एवढं पुरे की आम्ही चौघं होतो, अमरावतीच्या एका कॉलेजात होतो आणि रॉक वाजवत होतो. अजूनही वाजवतो. "अमरावतीत रॉक?" असं म्हणून भुवया वर करणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली आहेत. त्यांना मी सांगते, आमच्याकडे उन्हाळा आहे, राग आहे आणि रिकामे पोट्टे आहेत. रॉकला याहून वेगळं सामान लागत असेल तर मला दाखवा.

मी गाते. गिटारवाला अकोल्याचा, त्याच्या वडिलांचं कूलर आणि पंख्यांचं दुकान. बास वाजवणारा पातूरचा, आमच्यातला हुशार. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं त्याच्याच खोलीत पडलेले असायचो. ड्रमवाला अचलपूरचा. त्याचं घराणं संदलवाल्यांचं, म्हणजे गणपती असो की नवरदेव, त्याच्यापुढे चालत ढोल बडवणारं पथक त्यांचं. खानदानात बसून वाजवणारा हा पहिलाच, आणि त्याच्या आजोबांना ही गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. पायात जोर नसलेली माणसं बसून वाजवतात, असं ते म्हणायचे.

माझं गाव नांदगाव खंडेश्वरच्या जवळ. आमच्याकडे वांगी, कोथिंबीर, आणि सणासुदीला झेंडू. बाबा पहाटे फुलं घेऊन अमरावतीला यायचे, आणि परत जाताना होस्टेलच्या फाटकावर माझ्यासाठी पिशवी ठेवून जायचे. पिशवीत भाकरी असायची, ठेचा असायचा, आणि कधी कधी उरलेली फुलंही असायची. ती फुलं आम्ही ड्रमला लावायचो.

सराव करायचो ड्रमवाल्याच्या मामाच्या मंगल कार्यालयात. लग्नाचे मुहूर्त संपले की आमचे सुरू व्हायचे. जेवणाच्या लांबलचक हॉलमध्ये आम्ही तारा पसरायचो, आणि नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्यांवर गिटारची खोकी ठेवायचो. लग्नसराईत तिथून हाकललं की अकोल्याला, कूलरच्या गोदामात. मे महिन्यात अकोल्यात गिटार लावून ठेवावी आणि पाणी पिऊन परत यावं, तर तारा ढिल्या. गिटारवाल्याचे वडील आम्हाला हवा म्हणून दोन कूलर लावून द्यायचे आणि मग त्या आवाजात आम्हाला एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही. मी मोठ्याने गाते असं जे लोक म्हणतात, त्याचं श्रेय त्या दोन कूलरांना द्यावं.

सुरुवातीला आम्ही इंग्रजी गाणी म्हणायचो, ज्यांचे अर्थ आम्हाला अर्धे कळायचे आणि ऐकणाऱ्यांना तेवढेही नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा सांस्कृतिक विभाग सांभाळणारे सर माझ्या हातातला माइक काढून घेत म्हणाले होते, "मुलींनी एखादं छान भावगीत घ्यावं." माझा आवाज मुळात भावगीताचा नाहीच. आमच्या घरात कोणी हळू बोलत नाही, कारण बोलायचं ते वावराच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर. पण सरांना हे सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी माइक सोडून दिला आणि बिनमाइकचंच गायले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, असं नंतर कळलं.

आमचं स्वतःचं पहिलं गाणं अकोल्यात झालं. भर उन्हाळा होता, नळ येण्याचा दिवस होता, आणि गोदामाच्या गल्लीत सगळ्यांनी भांडी मांडून ठेवली होती. नळ आला. आधी फुसफुसला, मग नुसता वारा सोडत राहिला. माझं डोकं सणकलं. मी गोदामाच्या दारात उभी राहिले आणि तोंडात आलं ते ओरडले:

"नय आला, नय आला, भांडे मांडले दारी,
नयातून निंगाला वारा, पानी पुढाऱ्याच्या घरी!"

आणि गप्प झाले. त्या गप्प होण्यात आत बसलेल्या ड्रमवाल्याने एकच ठोका दिला. गल्लीतल्या बाया बादल्या हातात घेऊन हसत सुटल्या, आणि एक आजोबा आपसूक म्हणून गेले, "हर हर महादेव!"

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हे काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. ही झडती. पोळ्याच्या संध्याकाळी गावातल्या बैलजोड्या सजवून तोरणाखाली उभ्या करतात, आणि तोरण सुटायच्या आधी झडत्या होतात. एकाने पुढे यायचं आणि खणखणीत दोन-चार ओळी टाकायच्या. त्यात देव येतो, पीकपाणी येतं, आणि सरपंचापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची खरडपट्टीही येते. ओळी संपल्या की थांबायचं. मग सगळ्या गावाने "हर हर महादेव" म्हणून जबाब द्यायचा. मग समोरच्याने उलटी झडती टाकायची, जमलं तर आधीच्याचं नाक कापायचं. जबाब आल्याशिवाय पुढची ओळ नाही. आणि म्हणणाऱ्याने आपला जबाब आपणच द्यायचा नाही. तसं केलं तर गाव वर्षभर नाव ठेवतं.

झडत्या म्हणतात गडी. बाया ओट्यावर आरतीची ताटं घेऊन उभ्या असतात. मी लहानपणी आमच्या गोठ्यात म्हशींपुढे उभी राहून झडत्या म्हणायचे. म्हशी जबाब देत नाहीत, पण हसतही नाहीत, त्यामुळे माझा सराव चांगला झाला.

तर ते गाणं असं बनलं. ड्रमवाल्याने खाली संदलचा ठेका धरला, बासवाल्याने एकच जाडा सूर लावून ठेवला, गिटार करवतीसारखी त्यावरून फिरायची. मी झडती टाकायचे आणि मग सगळं एकदम बंद. ठेका बंद, तारा हाताने दाबलेल्या. लोकांसाठी जागा मोकळी. पहिल्यांदा आम्ही ते अकोल्यात एका गणेश मंडळाच्या मांडवात वाजवलं. मंडळाच्या पोट्ट्यांना आम्ही काय वाजवणार याची काही कल्पना नव्हती, त्यांनी ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं होतं. मी नळाची झडती टाकली आणि आम्ही थांबलो. अख्ख्या मांडवातून जबाब आला. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं, मागचे मोटारसायकलवर बसलेले, कडेचा भेळवाला, सगळे. गिटारवाला तर पुढचं वाजवायचंच विसरला. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, इतका की परतीच्या एसटीत मी नव्या झडत्या जुळवत बसले.

त्यानंतरची दोनेक वर्षं आमची. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, कॉलेजांचे मेळावे, मंडळं, एकदा तर एका कूलरच्या दुकानाचं उद्घाटन. नवीन झडत्या होत गेल्या: खड्ड्यांवर, भरतीच्या परीक्षेवर, पोरगी पाहायला येणाऱ्यांवर. जागा सोडायची आणि लोक भरायचे, याची आम्हाला इतकी सवय झाली की ही आपण सोडलेली जागा आहे, हेच आम्ही विसरलो. पंगतीत बसल्यावर वाढपी येणारच, तसं ते वाटत होतं.

मग पुणे आलं. कॉलेजच्या बँडांची मोठी स्पर्धा होती आणि आमची निवड झाली होती. सभागृह थंडगार, दिवे हवे तसे, आणि आमच्या कूलरांची सवय असलेल्या कानांना तिथला आवाज इतका स्वच्छ वाटत होता की आपण चोरी करतो आहोत असं वाटावं. आम्ही नळाचं गाणं घेतलं. मी पहिली झडती टाकली. सगळं बंद केलं. आणि थांबलो.

काही नाही.

चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की इथे पोळ्याला तोरणाखाली उभं राहिलेलं कोणी नाही, आणि समोरच्यांना त्यांचं काम कोणी सांगितलेलं नाही. लोक आमच्याकडे पाहत होते, आम्ही लोकांकडे. कोणीतरी खोकलं. गिटारवाला डोळ्यांनी खुणावत होता, चल, पुढे जाऊ. त्याचं काही चुकत नव्हतं. पण मी हलले नाही. जबाब आला नाही तर पुढची ओळ नाही, हे माझ्या हाडात होतं, आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. जबाब घेतल्याशिवाय पुढे कशी जाऊ? मागून कोणाला तरी वाटलं गाणं संपलं. त्याने टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. परीक्षक माइकवर म्हणाले, "छान प्रयत्न, धन्यवाद." आणि त्यांनी पुढच्या बँडचं नाव पुकारलं. आमचं गाणं एक तृतीयांशही झालं नव्हतं.

मागच्या दाराशी आम्ही सामान आवरत होतो तेव्हा तिथे एक साहेब आले. त्यांचा पुण्यातच स्टुडिओ होता. ते म्हणाले, "तुमच्यात दम आहे. मातीचा वास आहे." आमची माती काळी, ती पावसात चपलेला किलो-किलोने चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिचा वास घेत बसायला आमच्यापैकी कोणाला कधी वेळ मिळाला नव्हता. पण ते चांगल्या मनाने म्हणत होते, म्हणून मी मान डोलावली. त्यांनी आम्हाला रेकॉर्डिंगला बोलावलं. आम्ही गेलो, हौसेने गेलो.

गाणं रेकॉर्ड झालं आणि त्यांनी आम्हाला ऐकवलं. मी झडती टाकते, सगळं थांबतं, आणि कुठून तरी मोठ्या जमावाचा आवाज येतो. कुठल्या तरी स्टेडियममधला, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला. शब्द नाहीत, नुसता गोंगाट.

"रिकामी जागा श्रोत्याला सहन होत नाही," साहेब म्हणाले. "आणि अजून एक सुचवू? हे थोडं विनोदी करू. वऱ्हाडी ऐकलं की लोकांना हसू येतं, त्याचा फायदा घ्यायचा."

"आमी याच भाषेत बारसं करतो अन् याच भाषेत मयतीले रडतो," मी म्हणाले. "तुमाले कायचं हसू येते?"

साहेब चपापले. मी तो विकतचा गोंगाट काढून टाकायला सांगितलं, ते म्हणाले मग हे गाणं चालणार नाही, मी म्हणाले मग चालू देऊ नका. ड्रमवाल्याने आपल्या काड्या पिशवीत टाकल्या. तो उठला म्हणजे आमचं ठरलं.

बासवाल्याचं मात्र ठरलं नव्हतं. त्याला पुण्यात नोकरी लागलेली होती, आणि या गाण्याच्या निमित्ताने आपण सगळे पुण्यात येऊ, असं त्याने मनात धरलं होतं. जिन्यात तो माझ्यावर ओरडला. "तुले वाटते सारं जग तुह्या पोयाले येऊन राह्यलं. कोनी येत नायी बे! लोकायले टाइम नायी थांबाले!"

"मंग आपन थांबू," मी म्हणाले.

"तू थांब," तो म्हणाला, आणि थांबला तो पुण्यातच. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. परतीच्या गाडीत त्याच्या जागेवर आम्ही बासचं खोकं ठेवलं होतं. ते त्याचंच होतं, पण त्याने नेलं नव्हतं.

ते गाणं आम्ही मंगल कार्यालयातच रेकॉर्ड केलं, बाससकट. बास गिटारवाल्याने वाजवली, बरी वाजवली. जागा मोकळी ठेवली. तुम्ही आजही ऐकलंत तर त्या मोकळ्या जागेत लांब कुठेतरी पाण्याची मोटर चालू आहे आणि एक चिमणी बोलते आहे, एवढंच ऐकू येईल. खाली एक ओळ लिहिली: इथे जबाब तुमचा. आणि टाकलं मोबाइलवर सगळ्यांसाठी.

काही दिवस काहीच झालं नाही. मग एक व्हिडिओ आला. पुण्यातल्या कुठल्या तरी इमारतीची बाल्कनी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकतंय, हातात चहाचा कप, आणि आमचा बासवाला मोकळ्या जागेत जीव तोडून ओरडतोय, "हर हर महादेव!" खालच्या मजल्यावरून कोणीतरी त्याला शिवी दिली, तीही त्यात होती. बाकी एक शब्द नाही, माफी नाही, की कशी आहेस नाही. मी तो व्हिडिओ पाहून रडले, आणि मग त्याला लिहिलं की सूर थोडा खाली लागला आहे. त्याच्यानंतर बरेच आले. सुरतेच्या गिरणीतला यवतमाळचा एक जण, नागपूरच्या होस्टेलच्या मुली, ट्रकच्या केबिनमधले दोघं. आपले लोक जिथे कुठे होते तिथून जबाब देत होते.

मला वाटलं, जिंकलो.

तेव्हाच आमच्या गावातले आबाजी आमच्या वावरात आले. आबाजी म्हणजे गावाचे झडतीवाले. पांढऱ्या मिशा, आवाज अजून घंटेसारखा, आणि मला आठवतं तेव्हापासून तोरणाखालची पहिली झडती त्यांची. गोठ्यात म्हशींपुढे मी जी नक्कल करायचे ती त्यांचीच. बाबा झेंडू तोडत होते, मी टोपली धरली होती. आबाजी माझ्याकडे न पाहता बाबांशी बोलले.

"तुह्या पोट्टीनं झडती मोबाइलवर टाकली म्हन्ते."

"हो आबाजी," बाबा म्हणाले.

"झडती तोरनाखालची गोष्ट हाये. ज्याच्या हाती कासरा नायी त्याच्या तोंडी झडती नायी. बापजाद्यापासून असंच हाये. तिले सांगजो, गाने म्हनाचे त म्हन, झडतीचं नाव घेऊ नोको."

"मले सांगा ना आबाजी," मी म्हणाले. "मी इथंच उभी हावो."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाईमानसासंग झडती करत नायी मी," म्हणाले आणि निघून गेले.

पुण्याने मला ओळखलं नव्हतं, ते मी समजू शकत होते. त्यांना काय माहीत? पण या माणसाने मला ओळखून नाकारलं होतं. ज्याच्याकडून मी सगळं शिकले, तोच म्हणत होता की हे तुझं नाही. मी त्या दिवशी टोपली आपटली, फुलं सांडली, आणि बाबा ती वेचत बसले. मी मनाशी ठरवलं, एकदा तोरणाखाली म्हणून पाहायचं. तिथे जबाब आला तर गाणं माझं. नाही आला, तर जगभरातून कोणी कितीही ओरडो, ते गाणं मी पुन्हा म्हणणार नाही. जिच्यासाठी पुण्यात पाय रोवून उभी राहिले, तीच गोष्ट चोरीची असेल तर ती घेऊन मी कुठे मिरवू? आणि हे मी ड्रमवाल्याला आणि गिटारवाल्याला सांगूनही टाकलं, म्हणजे मागे फिरायला नको.

बाबांना सांगायची हिंमत मात्र होत नव्हती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलांचे खांदे शेकत होतो. हळद आणि तूप लावून बाबा पळसाच्या पानाने खांदा चोळत होते. मी म्हणाले, "बाबा, उद्या कासरा मी धरू का?"

आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "लोक काय म्हनतीन?"

बाबा बराच वेळ खांदाच चोळत राहिले. मग म्हणाले, "लोकं काय म्हनतीन, झडतीच म्हनतीन." आणि माझ्याकडे वळून, "डावा फटाक्यानं बुजते. त्याले आखूड धरजो."

एवढंच. सकाळी आईने बैलांच्या झुली माझ्याच हातात आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रमवाला आणि गिटारवाला आले. त्यांना मी आधीच बजावलं, "तुमी तोंड उघडाचं नायी. भाड्याचा जबाब मले पुन्यातई नोको होता, अन् इथंई नोको." ड्रमवाला म्हणाला, "अन् कोनीच नायी बोललं त?" मी बैलांच्या शिंगांना झेंडू बांधायला घेतला.

गावात आता बैल पूर्वीसारखे राहिले नाहीत. एका घरचा ट्रॅक्टरच झेंडूची माळ घालून रांगेत उभा होता, आणि त्याच्याही नांगराला कुंकू लावलं होतं. पण तोरण तेच, दरवर्षीसारखं. दोर आमच्या घरचा, आंब्याचा पाला आमच्या धुऱ्यावरचा, झेंडू आमचा. मी जोडी घेऊन रांगेत उभी राहिले तेव्हा कुजबुज झाली. बाबा माझ्या मागे. त्यांचे हात आयुष्यात पहिल्यांदा त्या जागी रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

आबाजींनी पहिली झडती टाकली, गावाने जबाब दिला. मग सरपंचावर एक, मग पावसावर एक. त्यांच्या चवथ्या झडतीला जबाब झाला आणि थोडी उसंत पडली, तेव्हा मी बैलांसकट दोन पावलं पुढे झाले आणि आवाज सोडला:

"दोर आमचा, झेंडू आमचा, पाला आमच्या झाडाचा,
बोलाचा मान तेवढा म्हने मिशीवाल्या गड्याचा!"

आणि थांबले.

गाव गप्प. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या, डाव्याचा गरम श्वास माझ्या दंडावर येत होता. पुण्यात थांबले होते तेव्हा रागाने थांबले होते. इथे मला भीती वाटत होती. गड्यांनी आबाजींकडे पाहिलं, ओट्यावरच्या बायांनीही आबाजींकडेच पाहिलं. ते काही बोलत नव्हते. त्यांनी नुसतं "हर" म्हटलं असतं तरी सगळ्यांनी पुढचं उचललं असतं, पण ते मिशीवरून हात फिरवत तोरणाकडे बघत होते. ड्रमवाला गर्दीत मागे उभा होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले मला दिसत होते. आता संपलं, असं मला वाटलं. तरी मी हलले नाही. माझा जबाब मी देणार नव्हते.

मग आबाजी खाकरले. आपल्या बैलाच्या वशिंडावर त्यांनी हात ठेवला, आणि तोच घंटेसारखा आवाज गावावरून गेला:

"शिकाले गेली शयरात पोट्टी, डबे बडवत फिरली,
पुन्यानं हाकलून देल्ली, म्हून तोरनाखाली शिरली!"

क्षणभर कोणाला समजलं नाही आणि मग गाव फुटलं. "हर हर महादेव!" गडी ओरडले, पोट्टे ओरडले, ओट्यावरून बायाही ओरडल्या, माझी आई ताट एका हातात धरून ओरडत होती. बाबा खो खो हसत होते. माझं भर गावात नाक कापलं गेलं होतं, आणि मला इतका आनंद कुठल्याही टाळ्यांनी कधी झाला नव्हता. बाईमाणसासंग झडती न करणाऱ्या माणसाने माझ्यावर झडती टाकली होती. आणि तीही चांगली, रचलेली. ती काही त्यांना उभ्या उभ्या सुचलेली नव्हती. ते घरून तयारी करून आले होते.

आरडाओरडा ओसरला. आबाजी आता थेट माझ्याकडे पाहत होते. बोलत नव्हते, हसत नव्हते, नुसते थांबले होते. त्यांच्यामागे सगळं गाव थांबलं होतं. ती शांतता मी ओळखत होते. इतकी वर्षं मी ती दुसऱ्यांसाठी सोडत आले होते, मांडवात, सभागृहात, चिमणी बोलत होती त्या मंगल कार्यालयात. आज ती कोणीतरी माझ्यासाठी सोडली होती.

डाव्याने मान झटकली. मी कासऱ्याचा एक वेढा हाताभोवती घेतला, त्याला आखूड धरला, आणि म्हणाले, "आबाजी, आता ऐका."